वस्ताद उठतात तो भाग

बापूकाका जपानहून येणार म्हटल्यावर घरातल्या प्रत्येकानं आपापल्यापुरतं काहीतरी ठरवून ठेवलं होतं. आईनं जपानी साडी ठरवली होती, कारण तेव्हा कोल्हापुरात ज्या बाईकडं जपानी साडी होती ती लग्नकार्यात पदर जरा जास्तच सावरत फिरायची. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, रेडिओ-टेपचा टू-इन-वन ठरवला होता आणि तो ठेवायला कोनाड्यातले देवाचे फोटो आधीच सरकवूनही ठेवले होते. मी रंगीत पेनं ठरवली होती. बापूकाका अण्णांचे धाकटे भाऊ. उद्यमनगरातल्या एका कारखान्यात ते इंजिनिअर होते. कारखान्यानं जपानी यंत्र घेतलं आणि ते चालवायला शिकून या म्हणून काकांना तिकडं पाठवलं. मंगळवार पेठेतून विमानात बसलेला हा पहिला माणूस, असं आमच्या गल्लीचं म्हणणं होतं, आणि ते खोडून काढायला कुणी पुढं आलं नाही. परत आले तेव्हा गल्लीच्या तोंडापासून हलगी लावून त्यांना घरी आणलं. काकांच्या अंगावर कोट, डोक्याला फेटा, आणि मागं दोन पोरांनी मिळून उचललेली एक जडच्या जड पेटी.

सगळ्यांसमोर बॅग उघडली. आईच्या हातात कागदी हातपंखा पडला. तिनं तो उघडला, मिटला आणि "छान हाय की," म्हणाली. आमच्याकडं "छान हाय की" याचा अर्थ अजिबात छान नाही असा होतो. मग सगळ्यांच्या नजरा पेटीकडं वळल्या. अण्णांनी स्वतः पक्कड घेऊन दोर तोडला. आत चित्रांची पुस्तकं होती. वीसेक तरी असतील, सगळी एका मापाची, पिवळट कागदाची, आणि आत पानोपानी काळी-पांढरी चित्रं. अक्षर एक वाचता येईल तर शपथ. आई म्हणाली, "भावजी, इतक्या लांबनं रद्दी आणलासा व्हय?"

काका जरा ओशाळले. मग त्यांनी सांगितलं ते असं. तिथं यंत्र शिकवायला त्यांना एक दांडगा, हसरा जपानी माणूस मिळाला होता. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, सगळा कारभार हातवाऱ्यांवर. एकदा डबा खाताना काकांनी पाकिटातला आबांचा फोटो त्याला दाखवला. आबा म्हणजे अण्णा आणि काकांचे थोरले भाऊ. फोटोत ते ऐन उमेदीतले, लंगोट लावलेले, खांद्यावर गदा. तो माणूस खाणं सोडून उठला आणि फोटोला कमरेत वाकून नमस्कार केला. काका निघायच्या दिवशी तो ही पेटी घेऊन हजर. सगळी पुस्तकं मिळून एका पैलवानाची गोष्ट आहे आणि ती तुझ्या भावाला दे, असं त्यानं खुणांनी सांगितलं. "आता माणूस एवढा वाकून देतोय तर न्हाय कसं म्हणायचं?" काका म्हणाले. आईनं पंख्यानं जोरजोरात वारा घेतला.

ज्यांच्यासाठी ही पेटी आली ते आबा सोप्यातल्या पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडले होते. सोपा म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. तिला लागूनच तालीम होती आणि सोप्याची खिडकी थेट आखाड्यावर उघडायची. आबा त्या तालमीचे वस्ताद. लग्न केलं नाही, दुसरा नाद केला नाही, उभा जन्म त्या लाल मातीत घालवला. पहाटे त्यांच्या शड्डूनं आमचं घर जागं व्हायचं. मग पोरांच्या जोरबैठकांचे हुंकार, मग पाट्यावर बदाम आणि खसखस वाटल्याचा घरघर आवाज, आणि त्यावर आईचं करवादणं की माझा पाटा चटणीसाठी कधी मिळणार. मागच्या थंडीत आबांची उजवी बाजू गेली. जीभ पुढं सुधारली, हातपाय मात्र तसेच राहिले. डॉक्टर म्हणाले, रोज हालचाल करायला लावा, नाहीतर आहे तेही जाईल. पण आबांनी पहिली गोष्ट केली ती ही, की ती खिडकी लावून घेतली. दुसरी गोष्ट, तालमीतल्या पोरांना दारातूनच परत पाठवलं. "उभा ऱ्हायलो की भेटीन. तवर कुणी तोंड दावू नका," एवढंच म्हणाले. बंद खिडकीपलीकडं पोरं आपापली लढत होती, सांगणारा कुणी नव्हता, आणि महिन्या-दोन महिन्यांत तिकडचे आवाज निम्म्यावर आले. आबांनी खाणंही निम्म्यावर आणलं. आई तांबडा रस्सा करायची, पांढरा करायची, दुधाची खीर करायची. ते दोन घोट घेऊन वाटी सरकवायचे. घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण आबा आपल्या हातातून चाललेत हे मला त्या वयातही कळत होतं आणि त्याची मला भयंकर भीती वाटत होती.

मे महिन्याच्या सुट्टीत दुपारी आबांजवळ बसायचं काम माझ्याकडं आलं. बसून करायचं काय, म्हणून मी पेटीतला पहिला भाग काढला. भागांवर आपले नेहमीचे इंग्रजी आकडे होते, त्यामुळं पहिला कुठला, दुसरा कुठला एवढं कळत होतं. रंगीत चित्र मात्र मागच्या बाजूला होतं. याचं स्पष्टीकरण बापूकाकांनी आल्या आल्याच देऊन ठेवलं होतं: "तिकडची माणसं लई नम्र. चांगलं ते मागं ठेवत्यात." काका जपानला जाऊन आलेले. त्यांना कोण विचारणार?

मी पान उघडलं. पहिल्याच पानावर एक गरगरीत पोरगा मातीत बसून रडत होता. पुढच्या पानांवर एका दांडग्यानं त्याला दोरखंडाच्या रिंगणाबाहेर भिरकावलेलं. त्याच्यापुढं दोघं समोरासमोर वाकून डोळे वटारतायत. आणि भागाच्या शेवटी तोच पोरगा आईच्या हातचं जेवून हसत हसत घरातून निघालाय. मी आपली चित्रं बघत होते. भिंतीकडं तोंड केलेल्या आबांनी मान थोडी वळवली.

"कोन त्यो जाडा?"

"पैलवान हाय आबा. जपानचा."

"शेंडी राखलीया व्हय त्येनं? बघू."

मी पुस्तक त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी बराच वेळ बघितलं. "रडायचं आधी आन् मार मागनं? ह्ये कसलं गं?" मग त्यांनीच विचार करून सांगितलं, "बराबर हाय. पेपरात कुस्तीची बातमी कशी येती? कोण जिंकलं ते वरती, कशी झाली ते खाली. पेपरवानी लिवलंय त्येनं." काकांना संध्याकाळी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तेच की. तिकडं तशीच पद्धत हाय." म्हणजे शंकाच मिटली.

त्या दिवसापासून आमचं वाचन सुरू झालं. अक्षर कळत नव्हतं, त्यामुळं पैलवानांच्या तोंडचं सगळं मीच घालायची. त्या पोराचं नाव आम्ही भैरू ठेवलं. जपानी पैलवान आमच्या सोप्यात कोल्हापुरी बोलू लागले. "आईचं दूध प्याला असशील तर ये की रं म्होरं!" असं मी ओरडले की आबांच्या ओठाची डावी कड हलायची. त्यांना त्या कुस्तीचा रागही यायचा. "नुसतं रेघंभायर ढकललं की जिंकला? पाठीला माती न लागता? ह्येला कुस्ती म्हनत्यात व्हय, ढकलाढकली नुसती!" पण पुढचं पान उलटायला मी उशीर केला की डाव्या हातानं खुणावायचे. आई तांदूळ निवडायचं ताट घेऊन दारात बसायला लागली. प्रत्येक कुस्ती झाल्यावर ते पैलवान मूठभर मीठ उधळायचे. आई म्हणाली, "जिंकल्यावर दृष्ट लागत असंल त्यांना. मीठ उतरून टाकत्यात." ते ऐकून आबा घोगऱ्या आवाजात हसले. त्या घरात कित्येक महिन्यांनी तो आवाज आला, आणि आई ताट तिथंच ठेवून आत निघून गेली. डोळे पुसायला गेली हे मला माहीत होतं.

मग तो नववा भाग आला. पहिल्या पानावर भैरू एकटाच, पहाटेच्या अंधारात, रिकाम्या आखाड्यात पाय उचलून आपटत होता. का ते कळेना, म्हणून मी ते पान घाईनं उलटलं. पुढं धूर होता, पांढरे कपडे घातलेली माणसं होती, आणि अंथरुणावर भैरूचे म्हातारे वस्ताद डोळे मिटून पडलेले. चेहऱ्यावर पांढरं कापड. मी वाचायची थांबले. आईनं मला डोळ्यांनी दटावलं, पुस्तक मीट म्हणून. पण पुढच्या पानावर कापड दूर झालेलं होतं आणि वस्तादांचे डोळे उघडे होते! मग ते खोकताना दिसले, मग उशीला टेकून बसलेले, मग कुणाच्या तरी खांद्यावर हात टाकून चालणारे, आणि भागाच्या शेवटी आखाड्याच्या मधोमध ताठ उभे, हातात मिठाची मूठ. मी शेवटची पानं ओरडूनच वाचली. आबा म्हणाले, "परत काढ."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अण्णांना हाक मारली आणि उजवा हात धरून वर-खाली करायला लावला. मग रबरी चेंडू मागवला. मग पलंगाची कड धरून बसायला लागले. घामानं निथळायचे, दात खायचे, पण करायचे. रोज दुपारी मला हुकूम सुटायचा: "वस्ताद उठतोय त्यो भाग काढ." डॉक्टर बघून गेले आणि अण्णांना म्हणाले, काय औषध दिलंत? खिडकी मात्र बंदच होती. "वस्ताद उभा ऱ्हायला तवाच आखाड्यात आला की न्हाय? मग मीबी तवाच." आणि वाटी आता रिकामी होऊन परत जायची.

शबाना माझी वर्गमैत्रीण, पलीकडच्या गल्लीत राहायची. तिची अम्मी दुपारी लहान मुलांना उर्दू शिकवायची आणि शबाना त्यांच्यावर डोळे वटारून बसायची. शाळा सुरू व्हायच्या सुमाराला ती आमच्याकडं आली. आबांना झोप लागली होती म्हणून आम्ही घरामागच्या परड्यात पायरीवर बसलो. मी मोठ्या ऐटीत पहिला भाग तिच्या हातात दिला. तिनं तो घेतला, फिरवला आणि मागच्या बाजूनं उघडून वाचायला लागली.

"आगं, शेवट काय बघतीस आधीच?"

"शेवट कुठला? हितनंच सुरू होतंय की. ह्ये बघ, आई जेवायला घालतीया, पोरगं घरातनं निघालं, तिथं गेलं, मार खाल्लं, रडलं. उजवीकडनं डावीकडं. आमच्या उर्दूच्या पुस्तकागत."

"काय पण सांगतीस!"

"मी खोटं कशाला बोलतो? तूच बघ की." (कोल्हापुरात आम्ही मुलीही 'मी बोलतो, मी जातो' असंच म्हणायचो. लग्नानंतर पुण्यात पहिल्यांदा "मी येतो" म्हटल्यावर सासूबाईंनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती अजून आठवते.)

मी बघितलं. आणि मला जे वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. सगळी गोष्ट एकदम उलगडली. मीठ कुस्तीच्या आधी उधळत होते. मार आधी होता, रडणं नंतर. भैरू भागाच्या सुरुवातीला जिंकून मग उगीचच भुकेला हिंडत नव्हता. आधी हिंडला होता, मग जिंकला होता. आम्ही दोघी पायरीवर एकमेकींना ढोसत, खिदळत भागामागून भाग पालथे घालत होतो. आता माझ्या नातीकडं असली पुस्तकं ढिगानं आहेत, आणि चुकून डावीकडून उघडलं तर आत चक्क सूचना छापलेली असते की थांबा, तुम्ही उलट्या बाजूनं आलात. आमच्या पेटीत तसली सूचना असती तर, असं मला नेहमी वाटतं. मग वाटतं, बरं झालं नव्हती.

कारण हसता हसता आमच्या हातात नववा भाग आला. शबानानं तो उजवीकडून उघडला. वस्ताद आखाड्यात उभे. मग खांद्याचा आधार घेतलेले. मग उशीला टेकलेले, खोकणारे, आडवे. मग पांढरं कापड. "मेला की गं वस्ताद," शबाना म्हणाली. मी पुस्तक मिटलं. आतून आबांच्या पलंगाची करकर ऐकू येत होती. झोपेतून उठून त्यांचा व्यायाम सुरू झाला होता.

आबांना सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं. पण खोटं वाचणं सोपं नसतं. कळायच्या आधी उलटं वाचत होते तेव्हा माझा आवाज सोपा दणाणून टाकायचा; आता रडणाऱ्या भैरूच्या तोंडात काय घालावं तेच सुचेना. दोन दिवस आबांनी ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "काय गं पमे, दम न्हाय तुझ्यात. पडलेल्या पैलवानागत वाचतीस. काय झालं?" मला रडूच फुटलं. "आबा, आपण उलटं वाचतोय. ह्ये उजवीकडनं वाचायचं असतंय."

"समदंच?"

"व्हय."

ते विचार करत राहिले. एकेक भाग मनात उलटा फिरवत ते कुठं पोचणार हे मला दिसत होतं. "म्हंजी त्यो वस्ताद..." ते म्हणाले आणि थांबले. मग त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी चेंडू पलंगाखाली घरंगळला तो तसाच राहिला. आईनं मला फैलावर घेतलं, शबानाला घेतलं, बापूकाकांना घेतलं. "एवढं तिथं ऱ्हाऊन आलासा, पुस्तक कुठनं उघडत्यात ते बघाया ईना तुम्हाला?" काका म्हणाले, "वैनी, मला यंत्राचं पुस्तक इंग्रजीत दिलतं की." आई म्हणाली, जळो ते यंत्र. मी परड्यात जाऊन बसले. आबा आता उठणार नाहीत आणि ते माझ्या एका वाक्यामुळं, एवढंच डोक्यात होतं.

त्यानंतर एका दुपारी भिंतीकडून आवाज आला. "पयला भाग आन. त्या शबानालाबी बोलीव. सरळ वाचा."

आम्ही सरळ वाचलं. शबाना पानं उलटायची, मी बोलायची. खरं सांगते, गोष्ट फारच सुंदर होती. घर सोडून आलेला पोरगा, मार खाऊन शिकलेला, आणि त्याला एका शब्दानंही शाबासकी न देणारे वस्ताद. आबा मधेच "बराबर हाय, आधी शाबासकी द्यायची नसती," म्हणायचे. आठवा भाग संपला तेव्हा आई घाईघाईनं म्हणाली, "बास आता, पोरींची डोकी दुखतील." आबा म्हणाले, "वाच गं."

मी वाचलं. वस्ताद खोकले, टेकले, आडवे झाले. मला त्यांच्या तोंडात काही घालता आलं नाही, मी नुसती चित्रं धरून बसले. कापड आलं. धूर आला. आबा डोळे न हलवता बघत होते. मग शबानानं शेवटचं पान उलटलं. ते आमच्या वेळचं पहिलं पान, जे मी घाईनं ओलांडलं होतं: पहाटेचा अंधार, रिकामा आखाडा आणि एकटा भैरू पाय उचलून आपटतोय, वस्तादांनी शिकवलेली मेहनत करतोय. गालावर पाणी आहे, पण पाय वर आहे.

आबांनी पुस्तक डाव्या हातात घेतलं. "त्येच दिशी गेलं बघ पोरगं तालमीत," ते म्हणाले. "कुणी बलवाय न्हाय, सांगाय न्हाय. म्हातारा उठंल म्हनून वाट बघत बसलं न्हाय." भिंतीपलीकडं कुणीतरी कुणाला तरी आदळलं, त्याचा आवाज आला. आबांच्या कपाळाला आठी पडली.

"पमे, खिडकी उघड."

कडी गंजली होती. मी आणि शबानानं दोघींनी मिळून ओढली. आखाड्यात चारच पोरं होती आणि ती आमच्याकडं बघतच राहिली. आबांनी डावा हात वर नेला आणि हलत नसलेल्या मांडीवर ठोकला. शड्डू कसला, नुसता फटका होता, पण पोरं ताठ झाली. "पाय कुठं हाय रं तुजा?" आबा ओरडले. "त्येला पाय वढून पट काढाय बलवतोस काय? मागं घे! घे मागं!"

आबा पुन्हा कधी उभे राहिले नाहीत. चेंडू मात्र पलंगाखालून काढून मागितला, आणि त्या खिडकीतून त्यांनी पुढची काही वर्षं तालीम चालवली. तालीम भरली, पाट्यावर बदाम वाटले जाऊ लागले आणि आईचं करवादणं सुरू झालं. पोरं जिंकून आली की आधी खिडकीशी यायची. आबा म्हणायचे, "बरं हाय," आणि पोरं तेवढ्यावर खूश व्हायची. आबा गेले तेही त्या खिडकीकडं तोंड करून. पोरांनीच खांदा दिला. दुसऱ्या दिवशी पहाटे, अजून चूलही पेटली नव्हती, तेव्हा तालमीतून शड्डूचा आवाज आला. एक, मग दुसरा, मग कितीतरी. तोवर कोरड्या डोळ्यांनी वावरलेली आई त्या आवाजाला भिंत धरून रडली. मी पेटीतून नववा भाग काढला, रिकाम्या पलंगावर बसले आणि तो डावीकडून उघडला.

तो भाग आता माझ्याकडं पुण्याला आहे, पानं मोकळी झालेली. आबांची आठवण आली की काढते. परवा नात शेजारी येऊन बसली आणि मला म्हणाली, "आजी, अगं तू उलटं वाचतीयेस."

मी म्हटलं, "असू दे. एवढा एक भाग असाच वाचायचा असतो." आणि पान उलटलं. वस्तादांच्या तोंडावरचं कापड दूर झालं होतं.